सरळ केलेली बंदूक

त्या रविवारी मी पाना हातात घेतला नसता, तर आज आमच्या घरात पाणी भरायला भांडी असती. एवढीच ही गोष्ट आहे. पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पण सांगितल्याने माझं मन हलकं होईल म्हणून सांगतो.

मला वाकडी वस्तू बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर घास घशाखाली उतरत नाही. आमच्या लग्नात अंतरपाट एका बाजूने खाली आला होता, तेव्हा मी मंगलाष्टकं चालू असताना पलीकडच्या गृहस्थाला "जरा वर धरा" असं सांगितलं. (तारामती म्हणते, पुढे काय वाढून ठेवलंय ते तिला तिथेच कळलं होतं, पण तांदूळ पडून चुकले होते.)

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा वेगळा निघालेला होता. मी देगलूरकडचा. नव्या जिल्ह्यात बढतीला वाव असतो असं कोणीतरी सांगितलं, म्हणून खटपट करून इकडे बदली करून घेतली. ऑफिसात काही कपाटं आली होती, काही यायची होती. जी आली होती ती मी भिंतीशी काटकोनात लावली. लोकांनी माझं नाव 'गुण्या' ठेवलं, गवंड्याच्या हातात काटकोन तपासायला असतो तो. मला त्याचा राग नव्हता. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. तो आमच्याआधी येऊन बसला होता आणि जायचं नाव घेत नव्हता. गुरुबसप्पांच्या वाडावजा घरात आम्ही भाड्याने राहत होतो. आड आटला होता, नळ नुसता फुसफुसायचा, आणि टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. बायकांच्या बोलण्यात पाण्याशिवाय दुसरा विषय राहिला नव्हता. पुरुष तर बोलतच नव्हते.

माझा मेव्हणा नरसिंग, म्हणजे तारामतीचा धाकटा भाऊ, रेणापूरचा. लग्न व्हायचं होतं, घरात तो आणि म्हातारी आई धुरपताबाई. त्या साली त्याच्या रानात पेरलेलं उगवलंच नाही. बैल चाऱ्याच्या छावणीवर नेऊन बांधले. पुण्याकडे बांधकामावर माणसं नेणारा मुकादम गावात चकरा मारत होता, आणि त्याच्या ट्रकमध्ये बसून निम्मी आळी निघून गेली होती. नरसिंग मात्र माहूरच्या जत्रेला गेला आणि तिथे धंदा सोडणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून फुगे फोडायचं दुकान घेऊन आला. दुकान म्हणजे खिळे मारलेली एक फळी, मागे लावायचं कापड आणि एक छऱ्याची बंदूक.

मी तारामतीला म्हणालो, हे काय आयुष्यभर पुरणार आहे का. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला.

"पाऊस पडंपर्यंत पुरलं तरी बास. दुकान चाललं तर त्यो गावात राहतो. न्हाई चाललं तर ट्रकात बसतो. आन ट्रकात बसून गेलेलं कोन परत आलंय, तुम्हीच सांगा."

मी उठून तव्यावरची भाकरी उलटली.

दुकानाला बक्षिसं लागतात. चकचकीत बक्षीस दिसल्याशिवाय जत्रेत माणूस थांबत नाही. नरसिंगजवळ नुसते कंगवे आणि लिमलेटच्या गोळ्या. तेव्हा तारामतीने माळ्यावरून आपली लग्नातली भांडी खाली काढली. पितळेची घागर, स्टीलची कळशी, परात, डबे, तांबे. मामाने दिलेलं, आत्याने दिलेलं, मावशीने हौसेने नाव घालून दिलेलं. चिंचेने घासून तिने ती भावाच्या पोत्यात भरली. मी म्हणालो, अगं, कोणी जिंकून नेली तर. ती म्हणाली, कोणी जिंकत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांच्या नेमाबद्दल तिचं मत इतकं वाईट असेल असं मला वाटलं नव्हतं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

दोन-तीन लहान जत्रा बऱ्या गेल्या. भांडी जशी गेली तशी परत आली. नरसिंग दारात आला की आता निदान पाणी मागून प्यायचा. आधी संकोचाने तेही मागत नव्हता. मग लातूरची सिद्धेश्वराची जत्रा जवळ आली. मोठी जत्रा, महाशिवरात्रीपासून चालणारी. दुष्काळात जत्रेला गर्दी जास्तच होते, कारण रानात कोणाला काही काम नसतं. ही जत्रा हाताला लागली की मृगापर्यंत बघायला नको, असा बहीण-भावाचा हिशेब होता.

जत्रेच्या तोंडावर त्या रविवारी सकाळी नरसिंग बंदूक घेऊन आमच्याकडे आला. नळी डुलते, म्हणाला.

ही बंदूक मधोमध मोडते. मोडते म्हणजे तुटत नाही. बिजागरीवर नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग ताणली जाते, मग नळीच्या बुडात छर्रा ठेवायचा आणि नळी खटकन वर बसवायची. जत्रेत दिवसभर हेच केल्यामुळे बिजागरीचा बोल्ट ढिला झाला होता आणि नळी उजवीडावीकडे मान हलवत होती. नरसिंगला बाजारात फुगे आणायला जायचं होतं. तारामती कमलम्मांबरोबर, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंबरोबर, टँकरच्या रांगेत जायला निघाली होती. राहिलो मी.

"दाजी," नरसिंग म्हणाला, "नुसता बोल्ट आवळा. बाकी कशाला हात लावू नका."

दोघं गेली. मी पाना घेतला आणि बोल्ट आवळला. नळी डुलायची थांबली. काम झालं होतं. शहाणा माणूस इथे हात धुऊन चहा प्यायला असता.

मी काय केलं, तर बंदूक डोळ्याशी धरून नळीवरून नजर टाकली. मागे बुडावर एक खाच असते, पुढे नळीच्या टोकावर एक काटा असतो. दोन्ही एका रेषेत यायला हवेत. इथे काटा डावीकडे पळालेला. मी डोळे चोळले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. नळी चक्क वाकडी होती. आणि ही बंदूक घेऊन माझा मेव्हणा, एका सरकारी माणसाचा मेव्हणा, लोकांना नेम धरायला सांगत होता.

मी बोल्ट परत काढला. बिजागरीत एका बाजूला पत्र्याचा एक बारीक तुकडा दाबून बसवलेला निघाला. कोणाची ही घाण, म्हणून मी तो खिडकीबाहेर फेकला. नळी पुन्हा बसवली, तर निम्मा वाकडेपणा गेला. उरलेला नळीतच होता. मग मी तारामतीच्या जुन्या लुगड्याची चिंधी नळीला गुंडाळली, नळी खिडकीच्या दोन गजांमध्ये घातली आणि बुडाकडून हळूहळू रेटा दिला. काही होईना. आणखी रेटा दिला. तेव्हा कुठे काहीतरी हललं.

अंगणात गुरुबसप्पा बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

"व्यंकटराव, काय करायलाव?"

"नळी सरळ करतोय."

"मला तर गज वाकडा होताना दिसायलाय."

पाहिलं तर खरंच गज वाकला होता. मी म्हणालो, हे आटपलं की तोही सरळ करून देतो. ते म्हणाले, "नका. तुम्ही एक सरळ कराया गेलाव की दुसरं वाकडं होतंय." त्या वेळी मला त्यांचं बोलणं खवचट वाटलं.

पण मी माघार घेणारा नव्हतो. दुसरा गज जाड होता, तो नमला नाही, नळी नमली. थोडं रेटायचं, दोरा ताणून बघायचं, पुन्हा थोडं रेटायचं. तारामतीच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा मी खाचेपासून काट्यापर्यंत ताणला. शेवटी दोरा नळीच्या बरोब्बर मध्यावरून गेला. नळी मोडून आतून आभाळ पाहिलं. चारी बाजूंनी सारखं गोल दिसलं. ढग मात्र एकही नव्हता. छर्रे नरसिंगजवळ होते, त्यामुळे बार उडवून बघता आला नाही. पण दोरा कधी खोटं बोलत नाही.

तारामती पाणी घेऊन आली आणि दारातूनच विचारती झाली, बोल्ट आवळला न्हवं. मी म्हणालो, आवळला. बाकीचं तोंडातून काढलं नाही. जत्रेत त्या दोघांना आपोआप कळावं, आणि कळल्यावर त्यांनी माझ्याकडे आदराने पाहावं, अशी माझी इच्छा होती. माणसाने इच्छा जपून करावी.

जत्रेत नरसिंगच्या दुकानासमोर गर्दी जमली. कापडावर फुगे, फळीवर भांड्यांची उतरंड, आणि वर उन्हात झळकणारी घागर. नियम सोपा. एका दमात ओळीतले सगळे फुगे फोडले तर आवडेल ते भांडं, एखादाच फुटला तर गोळी किंवा कंगवा. निलंग्याकडचे एक पागोटेवाले आजोबा पुढे झाले. त्यांनी बंदूक अशी धरली की मला त्यांची दया आली. पहिला फुगा फुटला. दुसरा फुटला. ओळच्या ओळ फुटली. आजोबाच सगळ्यांत जास्त चकित झाले. त्यांनी घागरीकडे बोट केलं.

नरसिंगने बंदुकीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी किंचित मान हलवली. 'आभार मानायची गरज नाही, घरचाच आहेस', असा त्याचा अर्थ होता.

मग बातमी पसरायला वेळ लागला नाही. इथली बंदूक इमानदार हाय, असं लोक एकमेकांना सांगू लागले. शेजारच्या पाळण्यातली माणसं उतरून इकडे आली. ज्याने बंदूक धरली त्याचे फुगे फुटले. कळशी गेली. डबे गेले. आमचे गुरुबसप्पाही आले होते, त्यांनी परात जिंकली आणि लाजत काखेत मारली. नरसिंगचा चेहरा कोरड्या आडासारखा झाला होता. तारामतीने मला हाताला धरून कापडामागे ओढलं.

"तुम्ही बंदुकीला काय केलं?"

"सरळ केली."

ती खालीच बसली. फुग्यांच्या रिकाम्या पिशवीवर.

"ती वाकडीच असती," ती म्हणाली. "सगळ्या जत्रंतली वाकडीच असती. शेंबड्या पोराला बी ठावं हाय. ती वाकडी व्हती म्हनून तर माझी भांडी तितं व्हती."

मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तर मी दोन दिवस 'हे बरोबर नाही' म्हणत घरात फिरलो असतो, म्हणून त्या दोघांनी मला सांगितलं नव्हतं. तेही बरोबरच होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो मुकादमाचा ट्रक आला आणि फाळक्याला धरून उभा असलेला नरसिंग.

दुकान बंद करायची सोय नव्हती. रांगेतले लोक म्हणत होते, आमची पाळी आली की बंद करता होय. उतरंडीतले दोन तांबे तेवढे उरले होते. तेव्हा मला वाटलं, बिघडवलं आपण, निस्तरायचंही आपणच. मी रांगेत उभा राहिलो. निदान ते तांबे तरी जिंकून परत आणायचे. बंदूक मी स्वतः सरळ केलेली, दोरा लावून तपासलेली, माझ्याइतकी तिची माहिती कोणाला. मी नेम धरला, श्वास रोखला. पहिला छर्रा कापडाला लागला. दुसरा फळीला. तिसरा कुठे गेला ते कळलं नाही. पलीकडच्या भजीवाल्याने वर पाहिलं तेवढं दिसलं. ओळीतला एकही फुगा फुटला नाही. दिवसभरात असा मी एकटाच. मागच्या एका आजी माझी कीव येऊन म्हणाल्या, "बाबा, डोळा मीट. त्यो न्हाई, दुसरा." नियमाप्रमाणे मला कंगवासुद्धा मिळाला नाही.

माझ्या मागच्याने दोन्ही तांबे नेले.

आता याहून वाईट काय होणार, असं मी मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात निलंग्याचे आजोबा घागर घेऊन परत आले. त्यांच्याबरोबर एक हवालदार होता.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या कार्याला. उतरंडीत नरसिंगने नावं मागच्या बाजूला केली होती, त्यामुळे ती कोणाला दिसली नव्हती. आजोबांनी झाडाखाली बसून घागर कौतुकाने फिरवली, तर तिच्यावर नाव: चि. सौ. कां. तारामती हीस मामाकडून. शेजारी कळशीवाला बसला होता, त्याच्या कळशीवर तारामतीस आत्याकडून. डब्यावर तारामतीस मावशीकडून. नाव घातलेलं भांडं बाजारात आलं, तर एक तर घर मोडलेलं असतं नाही तर चोरी झालेली असते, हे इकडे सगळ्यांना कळतं. आणि सगळी भांडी एकाच बाईची म्हटल्यावर लोकांनी सरळ अर्थ काढला.

हवालदाराने नरसिंगला विचारलं, ही भांडी कुठून आणली. भर जत्रेत बहिणीचं नाव घ्यायचं, तिची लग्नाची भांडी आपण मांडली असं चारचौघांत म्हणायचं, आणि वर दाजी सरकारी नोकर. त्याची जीभ उचलली नाही. हवालदाराने पुन्हा विचारलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते बघितल्याबरोबर लोक घाबरले. चोरीचा माल घरात कोण ठेवणार. एकेक जण पुढे येऊन भांडं फळीवर ठेवून मागे सरू लागला. घागर आली, कळशी आली, डबे आले, तांबे आले. गुरुबसप्पांनी परात अशी ठेवली की जणू ती तिथेच होती आणि ते नुसते बघत होते. थोड्या वेळात उतरंड पुरी झाली.

मी बाजूलाच उभा होतो. खोटं सांगतो असं समजू नका, माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, आता नुसतं गप्प बसायचं. खोटं बोलायची गरज नाही. नरसिंगला चौकीवर नेतील, तास-दोन तास बसवतील. मग मी जाईन, भांडी आमचीच आहेत, तो माझा मेव्हणा आहे, असं सांगून त्याला सोडवीन आणि सगळी भांडी सायकल रिक्षात घालून घरी आणीन. मी बिघडवलेलं सगळं जागच्या जागी येत होतं. त्यासाठी फक्त थोडा वेळ तो चोर ठरायला हवा होता. आणि गप्प बसण्याची मला ऑफिसातली चांगली सवय होती.

माझा हा विचार पुरा होण्याआधीच तारामती पुढे गेली.

"तारामती मीच," ती हवालदाराला म्हणाली. "भांडी माझी. मी माझ्या हातानं दिली हायती ह्याला. ह्यो माझा भाऊ हाय, चोर न्हाई."

हवालदाराने नरसिंगच्या खांद्यावरचा हात काढला. "मग बाई, भांडी घरी नेता का?"

तिने उतरंडीकडे एकदा नीट पाहिलं. मामाच्या घागरीकडे थोडं जास्त वेळ पाहिलं.

"न्हाई. ती लोकांनी जिंकली हायती. ज्याची त्यानं घिऊन जावं."

लोकांनी नेली. आजोबांना घ्यायला जिवावर येत होतं, ते घागर उचलेनात, तेव्हा तिनेच उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवली. जाता जाता हवालदाराने मला विचारलं, तुम्ही कोण. मी म्हणालो, नवरा. मग बोलले कसं न्हाई, तो म्हणाला. मी म्हणालो, बोलणारच होतो. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं, म्हणून मी त्याच्या चौकीवरून जात नाही.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं बंद झालं. टँकर आला की तारामती प्लास्टिकची बादली आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन जायची. कमलम्मा रांगेत भेटायच्या. एकदा त्या पदराखाली झाकून परात घेऊन आल्या. मालकांना जेवण गोड लागंना, म्हणाल्या. तारामतीने परात घेतली नाही, त्यांना चहा मात्र पाजला. मी घरात कॅलेंडर तिरकं झालं तरी हात लावत नव्हतो. मला तिची भांडी आठवायची, आणि भांड्यांपेक्षा जास्त ती आजोबांच्या खांद्यावर घागर ठेवताना कशी दिसली ते आठवायचं.

मग एका सकाळी नरसिंग आला. मुकादमाचा ट्रक परवा निघणार होता. त्याने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली, छऱ्यांची डबी शेजारी ठेवली.

"दाजी, ही असू द्या तुमच्याकडं. मला आता काय कामाची. आईकडं तेवढं लक्ष ठेवा."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या चहाचं कौतुकही केलं. तारामती ऐकत होती. ती आत गेली. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि ती तांब्याचा हंडा घेऊन बाहेर आली. घरातलं प्यायचं पाणी त्याच्यात असायचं म्हणून तेवढाच माळ्यावर नव्हता, पोत्यात गेला नव्हता. धुरपताबाईंनी लेकीला दिलेला. तिने तो भावासमोर ठेवला.

"पुढच्या जत्रंला एवढा एकच मांड. लई मोठा हाय, लांबून दिसतोय. ह्याच्यावर चालंल दुकान." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पर आदी ती वाकडी झाली पाहिजे. ज्यानं सरळ केली त्यानंच वाकडी करावी."

हंडा गेला तर प्यायचं पाणी कशात ठेवायचं, हे कोणी विचारलं नाही. आणि बंदूक नेमकी वाकडी झाली नाही तर तो हंडाही जाणार आणि नरसिंगही जाणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मी कामाला लागलो. सरळ करणं सोपं होतं, कारण सरळ असण्याची जागा एकच असते. वाकडं किती करायचं? कुठे करायचं? फार केलं तर पहिल्याच बारात गिऱ्हाईक ओळखतं आणि निघून जातं. कमी केलं तर हंडा जातो. तो फेकलेला पत्र्याचा तुकडा मी अंगणात खूप शोधला, मिळाला नाही. मग पावडरच्या डब्याचा पत्रा कातरून बिजागरीत घातला. नळीला चिंधी बांधली आणि खिडकीशी गेलो. गुरुबसप्पा बाजेवरच होते. ते म्हणाले, "पलीकडच्या खिडकीला जावा. जोडी जुळंल." मी पलीकडे गेलो. एकदा डावीकडे रेटलं, मग वाटलं जास्त झालं, म्हणून थोडं उजवीकडे. मग थोडं खाली. दुपारपर्यंत मी दोऱ्याने मापत होतो आणि दर वेळी दोरा वेगळं सांगत होता. शेवटी मी म्हणालो, झाली.

तारामतीचा माझ्या दोऱ्यावर आता विश्वास नव्हता. तिने जुन्या कॅलेंडरचा कागद अंगणातल्या लिंबाला खिळ्याने ठोकला आणि आपल्या कपाळाची टिकली काढून त्याच्या मधोमध चिकटवली. "मारून दाखवा," ती म्हणाली. जत्रेनंतरचे तिचे माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. "नीट नेम धरून मारा. मुद्दाम चुकवू नका."

नरसिंगने छर्रा भरून दिला. गुरुबसप्पा बाज उचलून भिंतीकडे सरकले. मी जितकं मनापासून जमेल तितक्या मनापासून नेम धरला आणि घोडा ओढला.

टिकलीच्या मधोमध भोक पडलं.

मी पुन्हा मारलं. छर्रा त्याच भोकातून गेला. तिसऱ्यांदा मी श्वाससुद्धा रोखला नाही, तरी तिथेच. सकाळपासून मरमर करून मी ती बंदूक पुन्हा सरळच करून ठेवली होती. हंडा गेला. परवा ट्रक निघणार, त्याच्या फाळक्याशी नरसिंग उभा राहणार, आणि धुरपताबाईंना हे मलाच जाऊन सांगावं लागणार. मला खरोखर रडू आलं. मी म्हणालो, थांबा, अजून वाकवतो, मला थोडा वेळ द्या.

तारामती कागदाजवळ गेली. तिने टिकलीवरच्या भोकावर बोट फिरवून पाहिलं. मग बंदुकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदराने हंडा पुसून भावाच्या हातात दिला.

"घिऊन जा, नरसिंग," ती म्हणाली. "ह्यांचा नेम लागायलाय, म्हंजी पक्की वाकडी झाली."